शेवट आधी सांगणारं घर

ज्या माणसाशी माझं लग्न झालं, तो मला पाहायला आला त्याच दिवशी मी त्याचा असा घात केला की तो हातातला विडा तसाच धरून उठला आणि आमच्या अंगणातल्या चिंचेखाली जाऊन बसला. लग्न झालं हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं याबद्दल आतल्या खोलीतून आत्ताच कुरकुर ऐकू आली. ह्यांचं म्हणणं असं की शेवट असा दारातच सांगितला तर पुढे वाचणार कोण. पण मी आरमोरीची, आणि त्यातून डोमाभाऊंची मुलगी. आमच्या घरात गोष्ट अशीच सांगत. आणि कुरकुर करणाऱ्या माणसाला मी रात्री जेवणानंतर विडा लावून देते तेव्हा तो विड्याकडे पाहत नाही, आधी माझ्या हातांकडे पाहतो. ते का, हेही कळेल. जरा दमानं घ्या.

आमचं घर भाताच्या गिरणीच्या मागे होतं. गिरणी सुरू झाली की मांडणीवरच्या पितळी वाट्या एकमेकींना लागून किणकिण करायच्या आणि बंद झाली की अचानक इतकं शांत व्हायचं की आई स्वयंपाकघरातून विचारायची, काय झालं म्हणून. उन्हात कोंड्याची सोनेरी धूळ तरंगत असायची. केसांत, अंथरुणात, भाजीत, सगळीकडे कोंडा. बाबा गिरणीत काट्यावर उभे असत. पोतं तोललं की मोठ्यानं आकडा पुकारायचा हे त्यांचं काम, आणि एक न म्हणता 'लाभ' म्हणून सुरुवात करायची त्यांची पद्धत. त्यांचा आवाज असा की गिरणीच्या धडधडीतूनही 'लाभ' आमच्या चुलीपर्यंत पोचायचा आणि आई तिथून म्हणायची, आला लाभ, चहा ठेवते. मी शांता. हे नाव कुणी आणि कुठल्या आशेनं ठेवलं होतं कोण जाणे. घरात सगळ्यात जास्त बोलणारी मीच, आणि ह्यांच्याआधी दोन स्थळं माझ्या बोलण्यापायीच गेली होती. एका मुलाच्या आईनं तर निघताना आईला बाजूला घेऊन विचारलं होतं, पोरगी झोपेत तरी गप्प राहते ना.

कापणी झाली, नवा भात घरात आला की आमच्याकडे मंडई भरायची, म्हणजे जत्राच. पाळणे, जिलबी, बांगड्या, सोंगांची दंडार आणि नाटकं, आणि नदीकाठच्या मोकळ्या शेतात फिरत्या सिनेमाचा तंबू. त्याला आम्ही टाकी म्हणायचो. दिवेलागणीला तंबूमागच्या इंजिनात तेल भरायला लागले की अख्खं गाव हातातलं काम टाकून तिकडे निघायचं. जंगलातल्या गावांमधून लोक बंड्या जुंपून यायचे, बैल तंबूबाहेर बांधायचे, बंडीतलं भाताचं तणस उचलून आत आणायचे आणि त्यावर बसायचे. पण सिनेमातली हिंदी त्यांना समजत नसे. अर्ध्यातून उठून लोक बैलांकडे जाऊन बसायला लागले, तेव्हा तंबूच्या मालकानं बाबांना गळ घातली की तुमचा आवाज मोठा आहे, खेळाआधी कथा सांगा.

बाबांनी दंडारीत कितीदा काम केलेलं. तिथे सोंगं येण्याआधी एक जण पुढे होऊन सांगतो, आता हा राजा येईल, ही त्याची राणी, आणि हा जो गोडगोड बोलेल तो लबाड आहे, त्याच्यावर नजर ठेवा. बाबांनी सिनेमालाही तोच नियम लावला. हातात पत्र्याचा भोंगा घेऊन ते पडद्यापुढे उभे राहायचे. हा नायक, ही त्याची बायको, हा त्याचा मित्र. सगळं आमच्या झाडीबोलीत, आणि महत्त्वाचं तेवढं पुन्हा गोंडीत. पौराणिक चित्रपटाला यात काही बिघडायचं नाही. पण बाबांनी रहस्यपटांनाही हेच केलं. खून कुणाचा होतो, कोण करतो, कशानं करतो, हे सगळं सांगून झाल्यावर ते भोंगा खाली ठेवायचे आणि मगच इंजिन सुरू व्हायचं. रहस्यपट असा पाहायचा नसतो हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

आता त्या दिग्दर्शकांविषयी. मुंबईचे होते, वर्षाकाठी एखादा चित्रपट काढायचे, आणि त्यांचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. आम्ही त्यांना जिनेवाले म्हणायचो. त्यांच्या प्रत्येक चित्रपटात एक जिना असायचा. गोल, लांब, लाकडी, आणि त्यावरून कुणीतरी फार हळू चढत किंवा उतरत असायचं. आमच्या बहुतेक घरांना जिनाच नव्हता, त्यामुळे माणूस जिना चढायला लागला की तंबू श्वास रोखून बसायचा. चित्रपटांची नावंही आम्ही आपली पाडली होती. कंदिलाचा, दोन छत्र्यांचा, आणि त्या वर्षी आलेला नवा तो विड्याचा.

मंडईच्या दिवसांत आमच्या ओसरीवर संध्याकाळी बैठक बसायची. आई लाखोळीच्या डाळीचे वडे तळायची, बाहेरून करकरीत, आतून मऊ, बरोबर जवसाची चटणी. बाबा असत. शेजारची लहानुबाई असे, जी बाजारात भाजी विकायची आणि पडद्यावरच्या माणसांना घरच्यासारख्या शिव्या द्यायची. आणि मैनूदादा. हे जंगलातल्या गावचे म्हातारे गोंड. डिंक आणि मध घेऊन बाजाराला यायचे आणि मंडई संपेपर्यंत आमच्याच ओसरीवर मुक्काम करायचे. विषय एकच, जिनेवाल्यांचा सगळ्यात चांगला कुठला. मैनूदादांना कंदिलाचा आवडायचा, कारण त्यात बाईला नवऱ्याचं पाप माहीत असतं आणि तरी ती त्याला वाढत राहते. "ते भात वाढते तवा मले तिचंच भेव वाटते," ते म्हणायचे. आईला दोन छत्र्यांचा. त्यात निरपराध माणूस गावोगाव पळत असतो आणि एक खानावळवाली त्याला पोटभर जेवू घालते, एवढ्यासाठी. मी विड्याच्या बाजूनं. लहानुबाई रोज पक्ष बदलायची, वडे कुणाच्या ताटात जास्त उरलेत ते बघून.

एकदा मी बाबांना विचारलं होतं, शेवट आधी का सांगता. ते चकित झाले. म्हणाले, "आधी वळख तं करून द्याले पायजे ना बाई. अनवळखी मानसाचं भेव कोनाले वाटते? वळखीच्या मानसाचं वाटते." आणि वडा तोंडात टाकला. पुढे आयुष्यात मी रहस्यकथांवर पुष्कळ विद्वान बोलणं ऐकलं. बाबांच्या त्या वड्याच्या वजनाचं काही सापडलं नाही.

मंडईच्या दुसऱ्या दिवशी चांद्याहून स्थळ आलं. चांदा म्हणजे आताचं चंद्रपूर. मुलगा लाकडाच्या वखारीत हिशेबनीस, नाव वसंतराव, सोबत फक्त मामा. मामांना मंडईत मुक्काम करायचाच होता, त्यांनी आल्याआल्या आईला विचारून घेतलं की वडे कधी. आईनं मला तीनदा बजावलं होतं की विचारतील तेवढंच बोलायचं. मी पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि खाली मान घालून बसले. मामांनी स्वयंपाक, शिवण, शाळा असं सगळं विचारून घेतलं आणि भाच्याला म्हणाले, तुले काही इचाराचं आहे का. वसंतरावांनी घसा खाकरला आणि विचारलं, सिनेमा पाहता का.

आईनं डोळे मिटले. मी म्हणाले, हो, जिनेवाल्यांचे. ते क्षणभर गोंधळले, मग त्यांना कळलं, आणि ते इतके मोकळे हसले की मामांच्या हातातल्या चमच्यातले पोहे सांडले. जिना तर असतोच, म्हणाले, आम्हा कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. चांद्याला त्यांचं चार मित्रांचं टोळकं होतं. ते जिनेवाल्यांना गुरुजी म्हणत, आणि प्रत्येक खेळानंतर जटपुरा गेटाजवळच्या हॉटेलात चहावर वाद घालत. त्यांच्या मते सगळ्यात श्रेष्ठ दोन छत्र्यांचा, कारण दुसरी छत्री कुणाची हे शेवटच्या मिनिटापर्यंत कळत नाही. मी म्हणाले, छत्रीचं काय घेऊन बसलात, तिसऱ्यांदा जिना उतरताना तो माणूस आधी डावा पाय टाकतो ते पाहिलं का. त्यांनी पाहिलं नव्हतं. ते पुढे सरकून बसले. मीही बसले असावे, कारण आईनं मागून माझा पदर ओढला. कंदिलावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मामा अनरसे खात एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होते. मला पहिल्यांदाच आमच्या ओसरीबाहेरचा असा माणूस भेटला होता ज्याच्याशी भांडण संपू नये असं वाटत होतं. हे स्थळ जाऊ नये, मी मनातल्या मनात म्हटलं. एवढं एक जाऊ नये.

मग आईनं तबक आणलं. विडे मीच लावले होते. मी वसंतरावांपुढे तबक धरलं आणि अंगात आलेल्या त्या आनंदाच्या भरात म्हणाले, "घ्या बिनधास्त. मी काही त्या सिनेमातली आत्याबाई नाही."

बाबा खो खो हसले. लहानुबाई दाराआडून हसली. वसंतराव विडा उचलून थांबले. कोणती आत्याबाई, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, विड्याचा नाही का, नवा. त्यातली मारणारी आत्याबाई. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं माशी गिळली. विडा हातात, ते उठले, चपला न घालता अंगण ओलांडलं आणि चिंचेखालच्या ओट्यावर जाऊन बसले.

मामांनी सांगितलं तेव्हा उलगडा झाला. विड्याचा चित्रपट चांद्याला लागला तेव्हा भाच्याला विषमज्वर. उठून बसेपर्यंत खेळ उठला. त्यानं मित्रांना शपथा घातल्या, न्हाव्याकडे गेला तर कानात बोटं घालून बसायचा, हॉटेलचा रस्ता सोडला. आणि हा चित्रपट आरमोरीच्या मंडईत येणार असं कळल्यावरच तो मुलगी पाहायला यायला कबूल झाला होता. मामांनी हे अगदी सहज सांगितलं. मी त्याच्यासाठी दुसऱ्या नंबरावर होते, आणि पहिल्या नंबराचा मी गळा दाबला होता.

आईनं कपाळाला हात लावला. बाबांना मात्र अजूनही गुन्हाच कळेना. "मंग बिघडलं काय? उद्या मीच सांगनार होतो ना," ते म्हणाले. मामांनी शेवट आधी सांगणं म्हणजे चांद्यात काय समजतात ते त्यांना समजावून सांगितलं. बाबा ऐकत गेले आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं भोंग्यातून आपण गावाला जेवण वाढतोय असं समजणाऱ्या माणसाला कुणीतरी सांगत होतं की तू ताटात माती कालवत होतास. ते उठून गिरणीकडे गेले, त्या दिवशी काम नसताना.

मी स्वयंपाकघरात जाऊन चार वडे खाल्ले. दुःखात मला भूक लागते, अजूनही. मग तांब्याभर पाणी घेतलं आणि आई नको म्हणत असताना चिंचेखाली गेले. वसंतराव म्हणाले, "एवढे महिने कान झाकून फिरून राह्यलो होतो मी." आवाजात राग नव्हता, मुलाचा पतंग कटावा तसं काहीतरी होतं. मला माफी मागायची होती. पण तोंडातून भलतंच आलं.

"कोण मारते ते समजलं तुम्हाले. पण तिचे हात कुठी पाहिले तुम्ही?"

त्यांनी वर पाहिलं. हातांचं काय, विचारलं. मी म्हणाले, ते मात्र मी सांगणार नाही, कधीच नाही, कुणी शपथ घातली तरी. आणि तांब्या ठेवून परत आले. मागे वळून पाहिलं नाही. पण परत येताना त्यांनी मला दोनदा 'ऐका तरी' म्हटलेलं मी ऐकलं, आणि तेवढ्यावर रात्री झोपले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विड्याचा खेळ पुन्हा लागला आणि सगळे तंबूत. बायकांच्या आणि पुरुषांच्या मध्ये कनात असायची. मी लहानुबाईजवळ तणसावर बसले. कनातीवरून मला बाबांचा फक्त फेटा आणि भोंग्याचं तोंड दिसत होतं. बाबांनी सुरुवात केली. हे मोठं घर, हा तरणा मालक, ही त्याची नवी बायको. "आनि ही आत्याबाई. लई मायाळू. साऱ्याईले विडा लावून देते." आणि तिथे ते थांबले. भोंगा खाली आला.

मला लगेच कळलं. माझ्यासाठी थांबले होते. जावई होऊ शकणाऱ्या माणसापुढे त्यांना पुन्हा ताटात माती कालवायची नव्हती.

तंबू वाट पाहत राहिला. मग मैनूदादांचा आवाज आला, "डोमाभाऊ, मारते कोन?" खरं म्हणजे त्यांनी पहिल्याच दिवशी खेळ पाहिला होता. पण कथा पुरी झाल्याशिवाय खेळ सुरू होणं हे त्यांना सोंग निघण्याआधी दंडार संपण्यासारखं वाटलं असणार. बाबा म्हणाले, पाहा ना, समजन. मग एकदम गलका झाला. काऊन लपवून राह्यला, डोमाभाऊची तब्येत बरी नाई का, सांगा ना भाऊ, बैलं सोडून आलो आम्ही. मागून कुणी म्हणालं, मंग आमाले समजन कसं. इंजिनवाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, चालू करू का नको. फेटा तिथेच उभा होता, ना बोलत, ना हलत. तोंडभर बोलणाऱ्या माझ्या बापाला मी असं कधी पाहिलं नव्हतं. मला उठून ओरडावंसं वाटलं, पण जिला पाहायला पाहुणे आलेत तिनं तंबूत ओरडणं म्हणजे तिसरं स्थळही गेलंच.

तेवढ्यात फेट्याशेजारी एक डोकं आलं, तेल लावून नीट भांग पाडलेलं. भोंगा पुन्हा वर गेला.

"मंडळी," वसंतराव म्हणाले. आवाज जरा फाटला. "मारते ते आत्याबाई. विड्यातून इख देते. आनि तिच्या हाताकडे ध्यान ठेवा. काऊन ते मले बी माहीत नाई."

तंबूभर समाधानाचा असा उसासा पसरला, जसा भरल्या ताटावर बसताना सुटतो. मैनूदादा म्हणाले, हां, आता चालू करा. बाबांनी भोंगा हातात घेतला आणि तेच सगळं गोंडीत सांगितलं, नेहमीच्या आवाजात, काट्यावर 'लाभ' पुकारतात तसं. इंजिन भकभकलं.

ती आत्याबाई म्हातारी होती. विडा लावताना तिचे हात थरथरायचे. चुना सांडायचा, कात सांडायचा, आणि घरातलं कुणीतरी प्रेमानं तिचा हात धरायचं. चांद्यात ज्यांना शेवट माहीत नव्हता त्यांनी तिच्यावर माया केली आणि बाकी काही पाहिलं नाही. आम्ही पहिल्या विड्यापासून तिच्या बोटांवर नजर लावून होतो. एक विडा थरथरत. दुसरा थरथरत. मग नवी सून जिना चढून वर येते, दमलेली, हसत, आणि आत्याबाई डबा उघडते. आणि त्या वेळी तिचे हात थरथरत नाहीत. अगदी स्थिर, तरुण बाईचे असावेत तसे. पान घेतलं, शीर काढली, चुना लावला, घडी घातली, लवंग टोचली. पहिल्या दिवशी हे मी पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आज मी पडद्याकडे पाहतच नव्हते. मी कनातीकडे कान लावून बसले होते.

सुनेनं विडा हातात घेतला. आणि कनातीपलीकडून, मैनूदादांच्याही आधी, एक आवाज उठला, लाकडाच्या वखारीत ओंडके सरकवणाऱ्यांना हाक मारावी असा.

"खाऊ नको व बाई! हात पाह्य ना तिचे!"

मग सगळा तंबूच ओरडायला लागला. खाऊ नको, फेकून दे, तिच्याच तोंडात कोंब. मैनूदादा उभे राहिले, खाली बसा म्हणून मागचे ओरडले. त्या गोंधळातही तो आवाज मला वेगळा ऐकू येत होता, पुन्हा पुन्हा, चांद्याचं सगळं शहाणपण सोडून, अगदी आमच्यासारखा. सून विडा तोंडाजवळ नेत होती आणि माझ्या डोळ्यांत पाणी येऊन मला पडदा दिसत नव्हता.

लहानुबाईनं मला कोपरानं ढोसलं. "कोनाचा होय व तो पोट्टा, एवढा बोंबलून राह्यला?"

मी म्हणाले, "आमचा होय."